अडवून धरलेले आठ स्टँड

भिलाईजवळ हथखोजच्या इंडस्ट्रियल एरियात छोट्या वर्कशॉपवाल्यांची एक रीत होती. मोठ्या कारखान्याचं काम मिळालं की दरावर फार घासाघीस करायची नाही. "देख लेंगे साहब" म्हणायचं आणि कामाला लागायचं. माल तयार झाला की अर्ध्याहून जास्त पोचवून द्यायचा आणि शेवटची खेप आपल्या शेडमध्ये ठेवून घ्यायची. तिकडे त्यांची जोडणी अडली की दोन दिवसांत माणूस येतो. त्याला खुर्ची द्यायची, चहा मागवायचा आणि मग आपलं जे काय असेल ते बोलायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. दोनदा सगळा माल आधी देऊन हात चोळत बसलो, तेव्हा शिकलो.

तसं मला कोणीच काही शिकवलं नाही. बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आले आणि भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला लागले. तीन शिफ्टमध्ये भाजून निघालेला माणूस घरी आल्यावर मुलाला काय शिकवणार? वेल्डिंग मी खुर्सीपारच्या एका शेडमध्ये उस्तादाच्या पाठीमागे उभा राहून शिकलो. तो मला डोळ्यांपुढे धरायची काळी काच देत नसे, म्हणून उघड्या डोळ्यांनी पाहायचो. डोळे सुजून बंद व्हायचे. आई झोपताना बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवायची आणि म्हणायची, "तुले दुसरं काम नाई भेटत का रे?" पाच वर्षांत मी तिथेच खुर्सीपारला माझं वर्कशॉप टाकलं. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे, आणि हथखोजच्या कारखान्यांचं फुटकळ काम.

गिटारही अशीच शिकलो. नव्वदच्या आगेमागे इंजिनियरिंग कॉलेजच्या होस्टेलवर हेवी मेटल संगीताच्या कॅसेट फिरायच्या. कॉपीची कॉपी, त्याची पुन्हा कॉपी. ते संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही परकं वाटलं नाही. ज्याने रोलिंग मिलच्या बाहेर उभं राहून आवाज ऐकलाय, त्याला ते कळायला इंग्रजी लागत नाही. एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. आवाज फाटावा म्हणून ती रेडिओच्या अॅम्प्लिफायरला जोडायचो आणि बटण शेवटपर्यंत पिळायचो. कॅसेट मागे-पुढे करून एकेक तुकडा काढायचो. बाबा दारात उभे राहून म्हणायचे, "अबे, ग्राइंडर घरी कावून आणला?"

आम्ही तिघं होतो. दोन गणपतीत, एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं. नंतर एकाला रेल्वेत नोकरी लागली, दुसऱ्याचं लग्न झालं. माझंही झालं. पण मी गिटार सोडली नाही. वर्कशॉप बंद करून आलो की अर्धा तास तरी वाजवायचो. वेगात मला कोणी हरवलं नसतं. निदान भिलाईत तरी नाही, असं मला वाटायचं.

एकदा प्लांटच्या कॉलनीतल्या एका क्वार्टरच्या खिडक्यांचं माप घ्यायला गेलो. प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसातले केरळचे एक गृहस्थ, निवृत्तीला तीनेक वर्षं उरलेली. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि मी टेप काढून पहिल्या खिडकीशी उभा राहिलो. आतल्या खोलीत दोन जण गिटार वाजवत होते. एक जण खाली सावकाश एकेक सूर टाकत होता आणि दुसरा वर एकच सूर असा थरथरत ठेवत होता की तो संपतच नव्हता. मी माप लिहायचं विसरलो. बाईंना विचारलं, "अंदर दो लोग हैं क्या?"

"नहीं, अकेले हैं," त्या म्हणाल्या.

मी सरळ आत गेलो. चप्पलही काढली नाही. बनियन-लुंगीतला एक बारीकसा माणूस डावा पाय छोट्या पाटावर ठेवून बसला होता. हातात तार छेडायचं पिक नव्हतं, अॅम्प्लिफायर नव्हता. उजव्या हाताचा अंगठा खाली चालत होता आणि तीन बोटं वर पाळीपाळीने एकाच तारेवर पडत होती. म्हणजे दोघं नव्हतेच. मी माझ्या हाताकडे पाहिलं. हा हात दहा वर्षं गिटार वाजवत होता आणि त्याला हे माहीतही नव्हतं.

ती कुठल्याशा जुन्या स्पॅनिश माणसाची धून होती. मला ती हवी होती. अख्खी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या हातातून निघालेली, आणि चार माणसांसमोर. ग्रिलवाला म्हणून ज्यांच्या घरात मागच्या दाराने जात होतो, त्यांच्यासमोर. एवढंच मला हवं होतं. ते मी लपवत नाही.

मी लगेच सौदा केला. "मैं भी बजाता हूँ, दस साल से. खिड़कियों की मजूरी नहीं लूँगा. आप ये सिखा दो. छह महीने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "छह महीने में तो जो सीखा है, वही भूलेगा."

"तो एक साल. आगे का गेट भी बना दूँगा."

ते हसले आणि बायकोला मल्याळममध्ये काहीतरी म्हणाले. तीही हसली. मग म्हणाले, "गुरुवार को आओ. चप्पल बाहर."

त्या दिवसापासून मी त्यांना सर म्हणू लागलो.

पहिल्या गुरुवारी माझी इलेक्ट्रिक गिटार घेऊन गेलो आणि जे काही येत होतं ते सगळं वाजवून दाखवलं. घाम फुटला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर खिशातून चिमट्यासारखा सूरकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि गिटारला लावला. माझ्या सगळ्याच्या सगळ्या तारा अर्ध्या सुराने खाली होत्या. मी म्हटलं, सहाही तारा एकमेकींशी बरोबर आहेत. ते म्हणाले, "हाँ, सब मिल के गलत हैं." माझा टेप रेकॉर्डर हळू चालत होता. दहा वर्षं मी त्या रेकॉर्डरच्या मोटरशी सूर जुळवून वाजवलं होतं.

मला राग आला होता. पण कोणावर काढायचा? मोटरवर?

मग सुरुवात शून्यापासून. डावा अंगठा गिटारच्या गळ्यावरून मागे घे. मनगट सोड. खांदा खाली. सरांनी त्यांची दुसरी, नायलॉनच्या तारांची गिटार मला घरी न्यायला दिली. सराव म्हणजे उघड्या तारांवर नुसती बोटं चालवायची. डावा हात मांडीवर. तीन महिने. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अवो, हे तेच तेच काय वाजवून राहिले? बिघडली का ते?"

आणि नखं. या वादनाला उजव्या हाताची नखं लागतात, फार मोठी नाही, पण गोल आणि गुळगुळीत. फॅब्रिकेशनच्या माणसाला नख म्हणजे काय ते विचारा. अँगल उचलला की एक तुटतं, ग्राइंडर लावला की दुसरं. मी उजव्या हातात हातमोजा घालू लागलो. जड काम डाव्या हातावर घेतलं. माझा मिस्त्री छत्तीसगढी, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, तोंडाचा फाटका. तो साऱ्या शेडला ऐकू जाईल असं विचारायचा, "का मालिक, नाखून काबर बढ़ावत हस? मेहंदी घलो लगाबे का?" सगळे हसायचे. मी एकदा त्याच्यावर पाना उगारला होता. नंतर उगारायचं सोडलं, कारण नख सांभाळायचं तर पाना फेकताही येत नाही.

नख घासायला सर रेशमी कापडासारखा बारीक पॉलिश पेपर वापरायचे. तो भिलाईत मिळेना. मी हथखोजच्या एका कारखान्यातून मागवून दिला, शंभर ताव. सरांनी एक ताव घेतला, बोटाने चोळून पाहिला आणि म्हणाले, "ये तो मेरे को ऊपर तक पहुँचा देगा." म्हणजे मरेपर्यंत पुरेल. एरवी ते सहसा विनोद करत नसत, म्हणून लक्षात आहे.

त्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक काम असं झालं की ते आठवलं की अजून चेहरा गरम होतो. नायलॉनच्या तारांचा आवाज मला फार लहान वाटायचा. भिलाईतच रिसालीला आम्ही तेव्हा नवीन घर बांधून राहायला गेलो होतो. शेजारी टीव्ही, मागे पाण्याचा पंप, त्यात ही गिटार ऐकूच येत नसे. मी विचार केला, तार बदलली तर? लोखंडाच्या माणसाला लोखंडच सुचणार. सरांच्या गिटारवर मी स्टीलच्या तारा चढवल्या. आवाज आला, चांगला खणखणीत. तीन दिवस मी खूश होतो. चौथ्या दिवशी वर्कशॉपवरून आलो तर तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी मुळापासून उपटून वर आली होती. स्टीलचा ताण नायलॉनपेक्षा किती जास्त असतो, हे मला कळायला हवं होतं. ताण, भार, जोड, हाच तर माझा धंदा.

खरी चूक मात्र पुढे केली. दुसरा कोणी असता तर ती गिटार तशीच घेऊन गेला असता आणि पाया पडला असता. मी दुरुस्त केली. पट्टी जागेवर बसवली, आरपार चार भोकं पाडली, आतून दोन एम.एम.ची पत्र्याची प्लेट लावली आणि नट-बोल्टने आवळली. वॉशरसकट. त्यावर हत्ती टांगला असता तरी निघाली नसती. वर नायलॉनच्या तारा पुन्हा लावल्या आणि गुरुवारी मोठ्या दिमाखाने नेऊन दिली.

सरांनी बोल्ट पाहिले. आत बोट घालून प्लेट चाचपली. मग एक तार छेडली. टप् असा आवाज आला आणि विझला. लाकूड थरथरलं तरच सूर टिकतो. मी त्या थरथरण्यालाच बोल्ट मारले होते.

"मजबूत है," ते म्हणाले.

ओरडले नाहीत. मी वाट पाहत होतो. ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि तिथल्या तिथे संपलं असतं. ते उठले, गिटार कपाटावर ठेवली आणि त्यांची स्वतःची गिटार माझ्या मांडीवर दिली. "चलो, उँगली." त्यानंतर मी नागपूरहून स्वतःची एक साधी गिटार आणली. त्या बोल्टवाल्या गिटारीबद्दल सर पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही नाही. बोलायला हवं होतं, हे आता वाटतं.

दुसरं वर्ष लागलं तेव्हा सरांनी ती धून सुरू करू दिली. मला वाटलं होतं वेग तर माझ्याकडे आहेच. पण पिकने खालीवर करणं वेगळं आणि तीन बोटांनी एकाच तारेवर सारख्या वजनाने पडणं वेगळं. माझं मधलं बोट दणकट, अनामिका मेलेली. सर म्हणायचे, "तुम्हारा हाथ तेज है, पर सुनता नहीं है." चूक झाली की ते थांबवत नसत. नुसती मान वर करत. वाजवता वाजवता मला कळायचं की आत्ता काहीतरी गेलं. संपल्यावर ते ती एक जागा काढून सांगत, "यहाँ अंगूठा जल्दी आया," किंवा "यहाँ साँस नहीं लिया." आणि दर वेळी ते बरोबर असत. मी जन्मात कोणाचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. गुरुवारची मी वाट पाहायचो. हे मी घरी कोणाला सांगितलं नाही.

सरांकडे आणखी तेरा जण शिकायचे. सगळी अधिकाऱ्यांची मुलं-मुली, शाळा-कॉलेजातली. दर हिवाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होई. आधी सगळे मिळून वाजवत, शेवटी एक जण एकटा. त्या वर्षी सरांनी मला सांगितलं, सगळ्यांसमोर नोटेशनचे कागद ठेवायला नवे स्टँड हवेत, चौदा. मी म्हटलं, बनवून देतो. दिवसा धंदा सांभाळून पंधरा दिवसांत ते स्टँड मी स्वतः बनवले, मिस्त्रीला हातही लावू दिला नाही. पातळ पाईप, घडी होणारे पाय, काळा रंग. माझ्या हातचं इतकं नाजूक काम तोवर झालं नव्हतं.

मग कार्यक्रमाचा कागद हातात आला. शेवटी एकटी वाजवणार होती एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी, बारावीतली. धून तीच. माझी.

मी सरांना विचारलं, "और मैं?"

"तुम सबके साथ. पीछे, बेस वाला हिस्सा."

"वो धुन मैं भी बजाता हूँ."

"अभी नहीं," सर म्हणाले. "अगले साल."

"क्यों?"

त्यांनी चष्मा पुसला. "अभी नहीं."

एवढंच. कारण नाही. मला कारण सांगितलं असतं तर, असं मी आजवर शंभर वेळा म्हटलं असेल. ती मुलगी माझ्यापेक्षा चांगली वाजवत होती का? बोटं तिची हलकी होती, खरं आहे. पण तिला ती धून शाळेच्या धड्यासारखी यायची. मी दोन वर्षं नखं जपली होती. लोकांचं हसू सहन केलं होतं. घरी येता येता स्कूटरवर डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: साहेबाची पोर पुढे आणि ग्रिलवाला मागे.

चौदापैकी सहा स्टँड मी पोचवले होते. आठ शेडमध्ये होते. ते मी पोचवले नाहीत.

कार्यक्रमाला चार दिवस उरले, तेव्हा सर खुर्सीपारला आले. पहिल्यांदाच. ल्यूनावरून, डोक्याला मफलर गुंडाळून. माझ्या शेडमध्ये त्या दिवशी कटिंग चाललं होतं, ठिणग्या उडत होत्या. मी खुर्ची पुसून दिली. चहा मागवला. मिस्त्रीने ग्राइंडर बंद केला आणि तिथेच उभा राहिला, त्याला वाटलं कोणी मोठं गिऱ्हाईक आलंय.

"स्टैंड का क्या हुआ?" सरांनी विचारलं.

"बन जाएँगे, सर."

कोपऱ्यात आठ स्टँड घडी करून, रंग देऊन उभे होते. त्यांनी ते पाहिले. ते पाहताहेत हे मीही पाहिलं. मी काही झाकलं नाही. आमच्या धंद्यात झाकायची गरज नसते.

"आखिरी वाला आइटम," मी म्हटलं, "मेरे को दे दो."

चहा आला. सरांनी तो दोन्ही हातांत धरला, थंडी होती म्हणून असेल. ते म्हणाले, "बच्ची ने तैयारी किया है."

"वो पहले बजा ले. आखिरी में मैं."

"एक ही धुन दो बार?"

"लोगों को फरक सुनाई देगा."

हे बोलताना मला बरं वाटलं, हे कबूल करतो. सरांनी चहा संपवला, कप खुर्चीच्या पायाशी ठेवला आणि उठले. "ठीक है. बजाओ." मग मिस्त्रीला म्हणाले, "भैया, ऑटो बुला के ये स्टैंड रखवा दो."

माल त्याच वेळी गेला. मिस्त्री परत येऊन मला म्हणाला, "कइसे मालिक, रेट बढ़िस का?" मी म्हटलं, हो, वाढला.

संध्याकाळी बायकोला सांगितलं की शेवटचा नंबर माझा आहे. ती आधी खूश झाली. कसं जमलं ते सांगितल्यावर पोळी लाटता लाटता थांबली. "त्या मास्तरले तुमी गिऱ्हाईक समजले का?"

"मग काय करू? मागेच बसू? त्या पोरीचा बाप साहेब हाय म्हणून?"

"मास्तर तसं बोलले का?"

"बोलत कुठे काय! तोंड उघडतच नाही."

"मंग तुमाले कसं समजलं?" असं म्हणून ती पुन्हा पोळीकडे वळली. त्यावर मी फार ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

कार्यक्रमाला बाबा आले होते, निवृत्तीनंतर पहिल्यांदा बुशशर्टला इस्त्री करून. हॉल भरलेला. पुढच्या ओळीत साहेब लोक, स्वेटर, शाली. ती मुलगी वाजवून गेली, टाळ्या झाल्या. मग मी. पाटावर पाय ठेवला. सर पहिल्या ओळीच्या टोकाला बसले होते, मान खाली, जशी गुरुवारी असायची तशी.

सुरुवात चांगली झाली. अनामिका चालली. खाली अंगठा सावकाश जात होता आणि वर तो सूर टिकत होता, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की दोघं वाजवताहेत आणि मी बाजूला बसून ऐकतोय. ते तसं एक मिनिट असेल. मग दुसऱ्या भागात, जिथे उदास असलेली धून एकदम उजळते, तिथे सरांनी मान वर केली.

काय गेलं ते मला कळलं नाही. सूर बरोबर होते. बोट अडकलं नव्हतं. मी पुढे वाजवत राहिलो, पण कान मागे त्या जागेपाशीच राहिले. शेवटपर्यंत नीट पोचलो. टाळ्या झाल्या, भरपूर झाल्या, त्या मुलीपेक्षा थोड्या जास्तच. एका साहेबाने येऊन विचारलं, "आप तो ग्रिल का काम करते हैं ना? कमाल है!" बाबा बाहेर म्हणाले, "आता कसं, कानाले बरं लागलं." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप. सर पेटीत गिटार ठेवत होते. मी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "स्टैंड अच्छा बना है. हिलता नहीं."

गुरुवारी नेहमीच्या वेळेला गेलो. चप्पल बाहेर काढली. त्यांच्या बाईंनी चहा आणून दिला आणि एरवी बसायच्या तशा न बसता आत निघून गेल्या. माझा पाट मांडलेला नव्हता.

मी विचारलं, "सर, दूसरे हिस्से में क्या गड़बड़ हुआ?"

"कहाँ?"

"आपने सर उठाया था."

"अच्छा?" ते म्हणाले. "याद नहीं."

त्यांना आठवत होतं. ड्रॉइंग ऑफिसातला माणूस, रेघ कुठे हलली ते तो विसरत नाही.

"तो आज क्या करेंगे?" मी विचारलं.

"आज से क्या करना है? तुमको वो धुन चाहिए था, लोगों के सामने. मिल गया." आवाजात राग नव्हता. थकवा होता, जसा शिफ्ट सुटल्यावर असतो. "हमारा काम पूरा हुआ."

मी बसून राहिलो. मग मला जे येतं तेच मी केलं. म्हटलं, वरच्या गच्चीला कठडा नाही, करून देतो. म्हटलं, स्टँडला चाकं लावून देतो. म्हटलं, मुलांसाठी पाय ठेवायचे लोखंडी पाट, सगळ्यांना, उंची कमी-जास्त होणारे. सर ऐकत होते. प्रत्येक वेळी नुसती मान हलवत होते, नाही म्हणून. शेवटी मी चिडलो. म्हटलं, मी साहेबाचा मुलगा असतो तर? ते उठले आणि दार उघडून उभे राहिले. मी चप्पल घातली. तिथेही मला वाटत होतं की ते हाक मारतील. गिऱ्हाईक दारापर्यंत गेलं की आम्ही मारतो.

नंतर दीड वर्ष ते भिलाईतच होते. मी माफी मागायला गेलो नाही. मागायची तर कशाची, हेही ठरत नव्हतं. शिकणाऱ्याला कारण सांगायला नको? दोन वर्षं ज्याने एकेक बोट मोजून सांगितलं, त्याला हे एक वाक्य जड झालं होतं? बायको म्हणते, सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकलं नसतं. असेल. पण सांगायला तर हवं होतं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून ते केरळला गेले. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा मी कोपऱ्यावरच्या पानठेल्याशी उभा होतो, एका कामाचं माप घेऊन परत येत होतो. पुढे गेलो नाही.

ती धून मी वाजवतो. दुसऱ्या भागाशी आलो की हात आपोआप सावध होतो. त्या जागी मी सगळं करून पाहिलं आहे. हळू, मोठ्याने, अंगठा उशिरा, अंगठा आधी. टेपवर भरून शंभरदा ऐकलं. एकदा रायपूरला एक गिटार शिकवणारा आलाय असं कळलं म्हणून मुद्दाम गेलो. त्याच्यासमोर पूर्ण वाजवली आणि त्याच्याकडे पाहत राहिलो. त्या जागी त्याची मान हलली नाही. संपल्यावर तो म्हणाला, "बहुत बढ़िया, अंकल."

"दूसरे हिस्से में कुछ गलत है," मी म्हटलं. "ध्यान से सुनो."

पुन्हा वाजवली. तो भला माणूस होता, पुन्हा ऐकली.

"नहीं अंकल. सब सही है."

मी गिटार पेटीत ठेवली, त्याला नमस्कार केला आणि दुपारच्या बसने भिलाईला परत आलो.